गुप्त ग्राहकांची उघडी कूपनं

घरात प्लास्टिकच्या पिशव्या मुद्दाम कुणी साठवत नाही. तरी एक दिवस सिंकखालचा कप्पा उघडावा आणि सगळ्या अंगावर याव्यात! माझ्या कामातल्या किश्शांचं तसंच झालंय. मी एकही किस्सा शोधायला गेले नव्हते. मला फक्त वेळेवर रिपोर्ट हवे होते हो!

आधी काम सांगते, नाहीतर माझी चिडचिड कळायची नाही. एखाद्या कंपनीला आपल्या दुकानात गिऱ्हाइकाशी कसं वागतात ते बघायचं असतं. ती कंपनी एका एजन्सीला सांगते आणि एजन्सी साध्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून पाठवते. त्यानं खरेदी करायची, डोळे उघडे ठेवायचे, घरी येऊन रिपोर्ट भरायचा आणि बिल जोडायचं. ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिलाचे पैसे परत मिळतात, वर थोडी फी. ह्याला म्हणतात मिस्टरी शॉपिंग. आणि ह्या एजन्सीचं कोलकात्याचं डेस्क मी घरून सांभाळते.

आमच्या ह्यांची बँकेची नोकरी. एकवीस वर्षांत सात बदल्या. लातूरला मी शिकवण्या काढल्या, रायपूरला पाळणाघर, पाटण्याला शाळेत अर्धवेळ. प्रत्येक वेळी जरा जम बसला की ट्रक दारात उभा! ह्या एजन्सीनं मात्र सांगितलं होतं, "वैशालीजी, वर्षभर कोलकाता नीट सांभाळा, तुम्हाला कायम करतो. मग कुठल्याही गावातून काम करा." पहिल्यांदा माझ्याबरोबर ट्रकमध्ये येईल अशी नोकरी! अट एकच. वर्षात पाच रिपोर्ट बाद झाले की डेस्क दुसऱ्याकडे जाणार.

पाच म्हणजे पुष्कळ वाटतात ना? मलाही वाटले होते. पण माझे गुप्त ग्राहक म्हणजे गणपतीच्या आरतीला भेटलेली आपली मराठी मंडळी. आणि नियम असा, की कूपन लावायचं नाही, गिफ्ट कार्ड चालवायचं नाही, मेंबरशिपचे पॉइंट घ्यायचे नाहीत. कारण उघड आहे. साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, तर साध्या गिऱ्हाइकासारखे पैसे द्या! पण आपल्या माणसाला पाचशे रुपये परत मिळणार म्हटलं, की त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा, की ह्यात सातशेचा माल कसा बसवायचा?

* * *

काळेकाकांपासून सुरुवात करते, कारण डोकेदुखीची सुरुवात तिथूनच झाली.

काका सरकारी कंपनीतून रिटायर झाले आणि बेहालातच राहिले. तीस वर्षं कोलकात्यात आहेत. भाजीवाल्याशी बंगालीत भांडतात, हिशेब मराठीत करतात. त्यांच्या पाकिटात नोटा कमी आणि कूपनं जास्त. फोनमध्ये सतरा ॲप, आणि प्रत्येक ॲपचा पासवर्ड काकूंच्या माहेरच्या नावाचा. हे त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

त्यांना मी एका पिझ्झाच्या दुकानात पाठवलं. दोन माणसांचं जेवण, मर्यादा आठशे. काकांनी 'एकावर एक फ्री'चं कूपन काढलं आणि शेजारच्या घोषबाबूंना सपत्नीक बरोबर नेलं. आठशेत सहा माणसं जेवली! सहा कुठून आली हे मी विचारलंच नाही.

रिपोर्टात एक प्रश्न असतो, पदार्थ टेबलावर यायला किती वेळ लागला? काकांनी लिहिलं, 'सत्तेचाळीस मिनिटे.' मी हादरले. दुकानातल्या पोरांची नोकरी जाईल अशानं! लगेच फोन लावला.

"काका, खरंच सत्तेचाळीस?"

"खरंच. घड्याळ लावून मोजलंय."

"एवढा वेळ का लागला पण?"

"अगं, ते कूपन रविवारी चालत नाही म्हणत होते. त्यातली चाळीस मिनिटं माझी आहेत!"

रिपोर्ट बाद. नंबर एक.

* * *

दुसऱ्या शोभाताई. ह्यांचे मिस्टर कर्नल, राहायला फोर्ट विल्यममध्ये. आवाज असा, की घरात रँक कुणाची मोठी हे फोनवरच कळतं. लष्कराच्या कॅन्टीनमध्ये सगळं स्वस्त मिळतं, तरी ह्यांना बाहेरच्या दुकानात जाऊन त्याहून स्वस्त मिळवायचं असतं. का, तर मजा येते म्हणे!

काम सोपं होतं. एका दुकानातून बूट घ्यायचे, दोन दिवसांनी परत करायचे, आणि परत घेताना दुकानातले लोक कसे वागतात ते बघायचं. मी बजावून सांगितलं, "शोभाताई, साधं पेमेंट करा."

"अगदी साधं करते गं," म्हणाल्या.

साधं म्हणजे काय ऐका. थोडे पैसे सवलतीत घेतलेल्या एका गिफ्ट कार्डातून, थोडे दुसऱ्या गिफ्ट कार्डातून, थोडे साठलेल्या पॉइंटांतून. त्यावर वाढदिवसाचं कूपन. बाईंचा वाढदिवस ऑगस्टमध्ये आणि हे चाललंय जानेवारीत! उरलेले एकशे बारा रुपये तेवढे फोनवरून.

आता ते परत कसे करायचे? पाच ठिकाणांहून आलेले पैसे पाच ठिकाणी परत पाठवायला दुकानाचा कॉम्प्युटर तयार होईना. आधी काउंटरवरची मुलगी दमली, मग तिचा साहेब आला, मग साहेबाचा साहेब फोनवर आला. मागे रांग लागली. सव्वा तासानं त्या मॅनेजरनं बुटांचा डबा आणि एकशे बारा रुपये, दोन्ही शोभाताईंच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "दीदी, जुतो निये जान. टाकाओ निये जान!" बूटही न्या आणि पैसेही न्या, पण जा!

रिपोर्टात प्रश्न होता, कर्मचाऱ्यांची वागणूक नम्र होती का? शोभाताईंनी लिहिलं, 'अतिशय. शेवटी हात जोडले.'

नंबर दोन.

* * *

ऋचा आणि तिचा नवरा दोघंही आयटीतली. शिकलेली, तरुण, इंग्रजीत रिपोर्ट लिहिणारी. मला वाटलं, चला, ही दोघं तरी माझी अब्रू राखतील.

त्यांना पार्क स्ट्रीटच्या एका कॅफेत पाठवलं. कोलकात्यात आपल्या लोकांना एक भ्रम असतो, की मराठीत बोललं की कुणालाच कळत नाही. घराबाहेर हिंदी, इंग्रजी, बंगाली बोलून जीभ थकलेली असते. मग चारचौघांत मोठ्यानं मराठी बोलायचं सुख काय विचारता!

तर ही दोघं टेबलावर बसून खुशाल चालू.

"टेबल कधी पुसलं?"

"सातव्या मिनिटाला. लिही."

"वेटर हसला का?"

"अर्धवट. पाचपैकी तीन दे."

"कूपन आत्ता नको काढू. बिल आलं की हळूच दाखवू."

बिल आलं. बरोबर मॅनेजरही आला. दोन्ही हात मागे बांधून अगदी अदबीनं उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, टेबल चौथ्या मिनिटाला पुसलंय. सात लिहू नका. मी अकोल्याचा."

दोघांचे चेहरे पांढरेफटक. तो जाता जाता वळला.

"आणि ते कूपन बुधवारचं आहे. आज चालायचं नाही."

ऋचानं मला फोन करून सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. प्रामाणिकपणाबद्दल एजन्सी मार्क देत नाही. नंबर तीन!

* * *

मधे एक किस्सा असा झाला, की त्यात रिपोर्ट बाद झाला नाही, माझं डोकं तेवढं फुटायचं राहिलं.

काळेकाकांना कळलं, की सौंदर्यप्रसाधनांच्या एका दुकानाची गिफ्ट कार्डं कुठल्याशा ॲपवर पंधरा टक्के कमीत मिळतायत. काकांनी हिशेब केला. ह्या दुकानाची कामं वैशाली दर महिन्याला देते, बिल पूर्ण किमतीचं दाखवायचं, पंधरा टक्के आपले. गठ्ठ्यानं कार्डं घेऊन ठेवली. आणि पुढच्याच महिन्यात त्या कंपनीनं आमच्या एजन्सीचं काम बंद केलं!

"आता ह्या कार्डांचं मी काय करू?" काका मलाच विचारतात!

"लावा तोंडाला!" मी म्हटलं. चिडून म्हटलं, पण काका आज्ञाधारक माणूस. दुकानात गेले. तिथं 'एकावर दोन फ्री'मध्ये लिपस्टिक मिळत होती. एकाच रंगाची, कारण तो रंग कुणी घेत नव्हतं.

संक्रांतीला काकूंकडे हळदीकुंकू होतं. बेहालाच्या मेट्रोत चेंगरत आम्ही पंचवीस बायका गेलो. वाणात काय, तर लिपस्टिक! विटकरी आणि शेणखत ह्यांच्या मधला रंग. सगळ्यांनी कौतुकानं तिथंच लावून बघितली. मग ग्रुप फोटो काढला. तो फोटो आमच्या ह्यांनी उलटसुलट करून बघितला. शेवटी म्हणाले, "जेवणात काही बाधलं का गं सगळ्यांना?"

* * *

चौथा रिपोर्ट बाद झाला त्याचं वर्णन करतानाही माझं बीपी वाढतं.

बेहालातल्या एका सुपरमार्केटची पाहणी शोभाताईंकडे होती. दर महिन्याला जायचं, गुपचूप. फोर्ट विल्यमहून मुद्दाम बेहाला, कारण त्या भागात त्यांना कुणी ओळखत नाही. एवढं चांगलं ठरवलं होतं मी!

बाईंना तिथं कळलं, की मंगळवारी फोन नंबर सांगितला की दुप्पट पॉइंट मिळतात. झालं. सहा महिने दर मंगळवारी स्वतःचं नाव, नंबर, सगळं सांगून खरेदी. माझ्या कामाची आणि स्वतःचीही. मला ह्यातलं काही माहीत नाही. मी आपली समाधानात, की शोभाताई नियमित जातात.

एक दिवस मुंबईहून आमच्या पल्लवी मॅडमचा फोन आला. ह्या माझ्या वरिष्ठ. कधी ओरडत नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणाल्या, "वैशालीजी, तुमची गुप्त ग्राहक त्या दुकानाच्या भिंतीवर आहे."

"भिंतीवर म्हणजे?"

"फोटो पाठवते."

फोटो आला. काउंटरच्या वर, हार घातलेल्या गणेशाच्या शेजारी, सोनेरी चौकटीत शोभाताई! खाली नावासकट लिहिलेलं, 'आमच्या सर्वांत निष्ठावान ग्राहक.' हातात बक्षिसाचा मग आणि चेहऱ्यावर हे मोठं हसू.

मी तिरीमिरीत फोन केला. "शोभाताई, तुम्ही गुप्त ग्राहक आहात! गुप्त! कर्नलसाहेबांना विचारा गुप्त म्हणजे काय ते!"

"अगं, ते तर मघापासून हसतायत. पण वैशाली, तू त्या दुकानवाल्यांशी बोलशील का? तो फोटो बदलायला सांग. त्यात माझी हनुवटी डबल दिसतेय."

नंबर चार. आणि वर्ष संपायला दोन महिने बाकी.

* * *

त्या दिवशी मी खरंच घाबरले. सात गावांत सात वेळा सोडलेली कामं डोळ्यांपुढे आली. ह्यांच्या ऑफिसात पुढच्या बदलीची कुजबुज सुरू होती. आता आणखी एक बिल, एकच कूपन, आणि मी पुन्हा नव्या गावात 'ह्यांच्या मिसेस' म्हणून उभी. रागानं रडू येत होतं.

सगळ्यांना घरी बोलावलं. चहासुद्धा टाकला नाही, ह्यावरून काय ते समजा.

"हे बघा," मी म्हटलं, "तुमची पाचपन्नास रुपयांची गंमत होते आणि माझी नोकरी जाते. मला आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी मिळतंय. दोन महिने. फक्त दोन महिने कूपन नाही, कार्ड नाही, पॉइंट नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, कामं देणार नाही."

 आमचे हे बँकेत व्हिजिलन्सला, म्हणजे गैरव्यवहार पकडायला आहेत, त्यांना राहवलं नाही. सोफ्यावरून सचोटीवर दहा मिनिटं बोलले. काळेकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही पेट्रोल कुठल्या कार्डावर भरता?"

"अहो, ते निळं आहे ना, त्यावर साडेचार टक्के..." इतकं बोलून हे थांबले आणि पाणी प्यायला आत गेले.

पण काका मग गंभीर झाले. म्हणाले, "वैशाली, दोन महिने कडकडीत उपास समज. माझा शब्द." शोभाताईंनी माझा हात धरला. ऋचानं तर फोनमधली ॲपंच काढून टाकली. मला बरं वाटलं. विश्वास बसला असं नाही म्हणणार मी.

* * *

त्याच आठवड्यात सुनंदाताई आल्या. नाशिकहून नुकतीच बदली, मिस्टर विमा कंपनीत, कुणीतरी माझा नंबर दिला म्हणाल्या. बोलायला गोड, पन्नाशीच्या, स्वच्छ कॉटनची साडी. मी कामाला लावून घेतलं आणि नियम तीन वेळा वाचून दाखवले.

दुसऱ्या दिवशी फोन. "वैशालीताई, एखादं छोटंसं कूपन लावलं तर चालेल का हो?"

"नाही!"

चार दिवसांनी पुन्हा. "गिफ्ट कार्ड आहे माझ्याकडे. बिल तर पूर्णच दिसेल. कुणाला कळणार?"

"मला कळेल! नाही म्हणजे नाही!"

तिसऱ्यांदा पॉइंटांचं विचारलं, तेव्हा माझा तोल गेला. वीस मिनिटं मी एका सभ्य बाईला काय काय बोलले असेन! लातूरपासून सुरुवात केली आणि पिझ्झा, बूट, भिंतीवरचा फोटो, सगळा राग त्यांच्यावर काढला. शेवटी म्हटलं, "माझी नोकरी घालवायची असेल तर लावा कूपन!" त्या नुसतं "बरं, बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मलाच लाज वाटली. नव्या गावात नवी आलेली बाई, म्हणून मग मी त्यांना काळेकाकांबरोबर जोडून दिलं. सियालदहच्या बाजूची दोन दुकानं बघायची होती, काका बरोबर असले की वाट चुकायची भीती नाही. काकांना दम देऊन पाठवलं.

आणि काय सांगू, महिनाभर सगळे रिपोर्ट स्वच्छ! काळेकाकांचं बिल छापील किमतीचं! मी ते दोनदा मोठं करून बघितलं. काकूंचा फोन आला, "अगं, ह्यांनी पूर्ण पैसे देऊन लोणच्याची बरणी आणली. दोन घास कमीच जेवले." शोभाताईंनी मंगळवार सोडून बुधवारी खरेदी केली. मला ह्या माणसांबद्दल इतकं प्रेम दाटून आलं! मी उगाच संशय घेत होते. माझ्यासाठी केलं सगळ्यांनी.

* * *

मग पल्लवी मॅडमची मेल आली. सुनंदाताईंचे मिस्टर विमा कंपनीत नव्हते, आणि त्यांची बदलीही झालेली नव्हती. त्या आमच्याच एजन्सीच्या मुख्य ऑफिसातल्या तपासनीस! मला कायम करण्याआधी माझी परीक्षा घ्यायला गुप्तपणे आल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'समन्वयकांनी तिन्ही वेळा स्पष्ट आणि मोठ्या आवाजात नकार दिला. त्यांच्या टीममध्ये महिनाभर एकही सवलत वापरलेली आढळली नाही.' खाली पल्लवी मॅडमचं एक वाक्य, 'अभिनंदन, तुम्ही कायम.'

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ओट्याला टेकून, पदरात तोंड घालून, चांगली पाच मिनिटं. हे आले आणि म्हणाले, "आता येऊ दे बदली." किती वर्षांनी कुणीतरी असं म्हणालं आमच्या घरात!

पहिला फोन काळेकाकांना केला. "काका, ऐकलंत का? त्या सुनंदाताई तपासनीस होत्या!"

"मला ठाऊक होतं."

"काय? कधीपासून?"

"तू त्यांना माझ्याबरोबर पाठवलंस ना, त्याच दिवसापासून. लगेच सगळ्यांना सांगून टाकलं, जपून राहा म्हणून."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"अगं, त्यांनी मला विचारलं, कूपन चालेल का म्हणून." काका समजावणीच्या सुरात म्हणाले. "आपल्यातला माणूस कधी विचारतो का?"

मी कपाळाला हात लावला. म्हणजे उपास कुणाच्या भीतीनं झाला होता तर! पण त्या दिवशी मला कुणावर रागवायचंच नव्हतं.

दोन दिवसांनी सुनंदाताईंची कोलकात्यातली बिलं माझ्याकडे आली. ह्या शहरातलं एजन्सीचं कुठलंही बिल असो, आधी मी तपासायचं, मग मुंबईनं पैसे द्यायचे. कूपन, कार्ड आणि पॉइंटांचा नियम तपासनीसांनाही तोच. टॅक्सीचं ठीक. हॉटेलचं ठीक. शेवटचं जेवणाचं होतं, सियालदहजवळच्या एका रेस्टॉरंटचं, त्या दोन दुकानांच्या दिवशीचं.

दोन बिर्याणी. दोन फिरनी, त्यातली एक कूपनावर मोफत. पैसे गिफ्ट कार्डातून. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात, 'सदस्य: विनायक काळे. आज जमा झालेले पॉइंट: चौऱ्याऐंशी.'

तपासणाऱ्यानं शेरा लिहायची जागा शेजारीच होती. कायम झाल्यावरचं माझं हे पहिलंच काम. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि टाइप केलं, 'बिल नियमाप्रमाणे आहे.'